बाटलीवर आवृत्ती छापा

टेबलावर कागदाच्या दोन पट्ट्या पडल्या आहेत. एकीच्या टोकाला पेन्सिलीने 'जु' लिहिलंय, दुसरीच्या टोकाला 'न'. दोन्हींवर एकाच नावाचा परफ्यूम आहे. बाटली तीच, जड झाकण तेच, खोक्यावरची सोनेरी अक्षरंसुद्धा तीच. जुनी बाटली आठ वर्षांपूर्वीची, तळाशी दोन बोटं उरलेली. नवी गेल्या महिन्यात घेतली. डोळे मिटून पट्ट्यांची अदलाबदल करून घेतली, तरी कोणती कुठली हे ओळखायला मला एक श्वास पुरतो.

जातकुळीने हा वुडी ओरिएंटल. म्हणजे वर थोडी चमक, मध्ये फूल किंवा मसाला, आणि खाली लाकूड, राळ, व्हॅनिला यांचा उबदार, दाट थर. जुन्यात सुरुवातीला बर्गामॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि वेलदोडा येतो, पण दोघेही फार वेळ थांबत नाहीत. मग एक सुकलेला गुलाब येतो आणि त्याच्याखालून, कधी आलं ते कळू न देता, चंदन वर येतं. दुधाळ, किंचित आंबूस, मऊ. त्वचेवर चार तास झाले की लॅब्डेनम आणि बेन्झॉइन या राळा त्यात मिसळतात आणि पुढे तो वास परफ्यूमचा राहतच नाही, माणसाचा होतो. जवळ आलेल्यालाच कळावा, इतका हळू.

नवा वेगळ्या स्वभावाचा आहे. सुरुवात अधिक उजळ, गुलाबी मिरीची. गुलाब आहे, पण धुऊन इस्त्री केल्यासारखा. आणि अर्ध्या तासातच तळ उघडा पडतो: कोरडं, टोकदार, ताज्या रंध्याखालून निघालेल्या लाकडासारखं काहीतरी, जे नाकाच्या वरच्या भागात टोचतं. हल्लीच्या बऱ्याच परफ्यूममध्ये असतात ती 'वुडी अँबर' वर्गातली प्रभावी कृत्रिम द्रव्यं इथेही असावीत, असं माझं नाक म्हणतं. अत्यल्प प्रमाणातही ती जाणवतात आणि टिकतात फार. दुसऱ्या दिवशी दुपारी 'न' पट्टी अजून बोलत होती. 'जु' पट्टीला नाक लावावं लागत होतं.

नवा परफ्यूम वाईट आहे का? नाही. दुसऱ्या नावाने समोर आला असता तर मी त्याला नीटनेटका, टिकाऊ, थोडा कर्कश पण बांधेसूद म्हटलं असतं. माझी तक्रार त्याच्या वासाबद्दल नाही. तो जुना असल्याचं भासवून माझ्या हातात आला, याबद्दल आहे. खोक्यावर एक अक्षर वेगळं नाही. मी कंपनीला पत्र लिहून विचारलं, सूत्र बदललं आहे का? उत्तर आलं की गुणवत्तेशी असलेली त्यांची बांधिलकी कायम आहे आणि सूत्राबाबत माहिती देता येत नाही. मी सूत्र मागितलंच नव्हतं. हो की नाही, एवढंच विचारलं होतं.

पुस्तकाच्या पहिल्या पानामागे काय छापलेलं असतं? पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, सुधारित व वाढीव आवृत्ती, आणि साल. लेखकाने एक प्रकरण गाळलं, एक नवीन घातलं, तर प्रकाशक ते सांगतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. परफ्यूमच्या बाटलीवर एवढी साधी ओळ का नसावी, हा माझा प्रश्न आहे. नसणं ही आता निव्वळ सवय उरलेली नाही, ती ग्राहकाची दिशाभूल आहे, असं माझं ठाम मत आहे.

परफ्यूम बदलावा लागतो, हे मला मान्य आहे. बदलाची कारणं बहुतेक वेळा खरी असतात आणि वुडी ओरिएंटलच्या वाट्याला ती जरा जास्तच येतात, कारण या घराण्याचा सगळा भार ज्या द्रव्यांवर आहे, तीच अडचणीत आहेत. चंदनच घ्या. सँटॅलम अल्बम या झाडाच्या गाभ्यातून तेल निघतं आणि चांगला गाभा धरायला झाडाला दशकं लागतात. या तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावं अशी अपेक्षा आहे. तो दुधाळ मऊपणा मुख्यतः या दोघांचा. म्हैसूरच्या चंदनाचं नाव परफ्यूमच्या जगात दंतकथेसारखं घेतलं गेलं. गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या 'समसारा'ने १९८९ साली त्याचा मुक्त हस्ताने वापर केला. पण १९९८ पासून ही जात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेली आहे. आज परफ्यूमरकडे ऑस्ट्रेलियातल्या लागवडीचं अल्बम आहे, तिथलीच वेगळी जात स्पिकॅटम आहे, जी अधिक कोरडी आणि रुक्ष लागते, आणि जावानॉल, एबॅनॉल, पॉलीसँटॉल यांसारखी कृत्रिम द्रव्यं आहेत. यांतलं जावानॉल मला स्वतःला आवडतं. पण ते चंदनाच्या जागी बसवलं की चित्र तेच राहत नाही. चंदनाचा एक पैलू ते लख्ख दाखवतं, बाकीचे अंधारात ठेवतं.

अगरूची गोष्ट याहून बिकट आहे. (मराठीत 'ऊद' म्हटलं की लोबानासारखी जाळायची राळ डोळ्यांसमोर येते, परफ्यूमवाल्यांचा 'ऊद' म्हणजे अगरू. खोक्यावर 'ऊद' वाचून मराठी माणूस भलत्याच वासाची वाट पाहतो, ते यामुळे.) अ‍ॅक्विलॅरियाच्या झाडाला इजा होते, बुरशी शिरते, आणि तिला तोंड देताना झाड लाकडात जी राळ साठवतं, ती म्हणजे अगरू. निरोगी झाडात ती नसते, आणि बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. मग शोधणारे झाडांमागून झाडं तोडत गेले. अ‍ॅक्विलॅरिया मलाकेन्सिस ही जात १९९५ मध्ये साइट्स या, संकटातल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि २००४ च्या निर्णयाने या वंशातल्या सगळ्याच जाती त्यात आल्या. व्यापार बंद झाला नाही, पण परवान्याखाली आला. अशा द्रव्यावर उभा राहिलेला परफ्यूम दहा वर्षांनी तसाच मिळावा, हा हट्ट मी धरणार नाही. एखादं झाड वाचत असेल तर माझी आवडती बाटली बदलली तरी चालेल.

दुसरं कारण त्वचेचं. जुन्या परफ्यूमचे चाहते नियमांना शिव्या देतात, त्यात मी सामील होत नाही. बर्गामॉटच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, काळपट ओघळ राहतात. म्हणून आज बर्गाप्टेन काढलेलं बर्गामॉट वापरतात. ओकमॉस म्हणजे झाडांच्या सालीवर वाढणारं, दगडफुलासारखंच एक लायकेन. परफ्यूमला ओल्या जंगलाची खोली देणारं. त्यातली अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ही द्रव्यं तीव्र अ‍ॅलर्जी आणतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये ही दोन्ही आणि त्यांच्याबरोबर लायरल हे 'लिली ऑफ द व्हॅली' या फुलासारख्या वासाचं कृत्रिम द्रव्य सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं: ऑगस्ट २०१९ पासून नवा माल आणायचा नाही, ऑगस्ट २०२१ पासून जुनाही विकायचा नाही. मग मार्च २०२२ पासून लिलियल हे फुलांच्या वासाचं कृत्रिम द्रव्यही गेलं, प्रजननक्षमतेला धोका म्हणून. यांतला एकही निर्णय मला चुकीचा वाटत नाही. अंगावर सुंदर वास असावा म्हणून कुणाच्या मानेवर पुरळ उठावं, हा सौदा वाईटच.

पण आता याच तारखांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. ज्या परफ्यूममध्ये लिलियल होतं आणि जो आजही युरोपात त्याच नावाने विकला जातो, तो बदललेला आहेच. यात मत-मतांतराला जागा नाही. कायद्याने दुसरी शक्यताच शिल्लक ठेवलेली नाही. लिलियल फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जायचं. तरीही 'आम्ही हा परफ्यूम नव्याने बांधला आहे' असं सांगणारं खोकं माझ्या पाहण्यात आलेलं नाही. बदल झाल्याचा पुरावा सापडतो तो खोक्याच्या पाठीवर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. युरोपच्या २००३ च्या नियमाने २६ अ‍ॅलर्जीकारक सुगंधद्रव्यांची नावं स्वतंत्रपणे छापणं बंधनकारक केलं. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर. बाकी सगळं 'परफ्यूम' या एका शब्दात झाकता येतं. माझ्या जुन्या खोक्यावर त्या यादीत ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिऑनल आहे, म्हणजेच लिलियल. नव्यावर नाही. जुन्यावर एव्हर्निया प्रुनास्ट्री, म्हणजे ओकमॉस आहे. नव्यावर तेही नाही. जे मला पत्राच्या उत्तरात सांगितलं गेलं नाही, ते मला भिंग घेऊन दोन खोकी शेजारी ठेवून वाचावं लागलं. ज्याच्याकडे जुनं खोकं उरलेलं नाही, त्याने काय करायचं?

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते, कारण या लेखाला निमित्त तीच झाली. कोविडनंतर तिची वासाची जाणीव गेली. महिनोन् महिने काहीच नाही, मग सगळे वास वाकडेतिकडे यायला लागले. ती रोज नेमाने चार वास घेऊन नाकाला पुन्हा शिकवत होती. सुधारणा दिसायला लागली तेव्हा तिने स्वतःला एक बक्षीस दिलं: कित्येक वर्षं लावत आलेल्या याच परफ्यूमची नवी बाटली. झाकण उघडून तिने हुंगलं आणि रडायला लागली. "हा तो नाहीये, माझं नाक परत आलंच नाही," असं ती मला फोनवर सांगत होती. पुढचे काही आठवडे तिने ते खरं मानलं. मी माझी जुनी बाटली घेऊन गेले, तिच्या मनगटावर एक फवारा दिला, तेव्हा कुठे कळलं की तिचं नाक अगदी ठीक होतं. खोक्यावरची एक ओळ तिचे ते आठवडे वाचवू शकली असती. हे फक्त हौशी लोकांचं लाडकं दुःख आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं: वास बदलला आणि नाव बदललं नाही, की माणूस आधी स्वतःवर अविश्वास दाखवतो.

यावर उद्योगाकडून येणारा पहिला आक्षेप गुपिताचा. सूत्र हीच आमची मालमत्ता, ती उघडी करणार नाही. हा आक्षेप समजण्यासारखा आहे, कारण कायद्याने सुगंधाला दुसरं संरक्षण फारसं दिलेलं नाही. जून २००६ मध्ये एकाच आठवड्यात दोन सर्वोच्च न्यायालयांनी उलट निकाल दिले: फ्रान्सने म्हटलं की सुगंध ही कॉपीराइटला पात्र कलाकृती नाही, तर नेदरलँड्सने लँकोम कंपनीच्या 'त्रेझोर' या परफ्यूमच्या प्रकरणात म्हटलं की असू शकते. तेव्हा गुप्तता हाच आधार, हे खरं. पण मागणी सूत्राची नाहीच. 'सूत्र बदलले, साल अमुक' यातून कोणतं गुपित फुटतं? उलट ज्यांच्यापासून गुपित जपायचं ते प्रतिस्पर्धी बाजारातली बाटली विकत घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर चालवतात आणि बरंचसं सूत्र वाचून काढतात. अंधारात राहतो तो एकटा ग्राहक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला मी सहज बाजूला सारू शकत नाही. गुलाबाचं पीक दर वर्षी वेगळं येतं, पॅचुली ही सुगंधी पानांची वनस्पती जमिनीनुसार बदलते, म्हणून प्रत्येक खेप थोडी वेगळी असतेच. मग आवृत्ती कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली, हे कोण ठरवणार? खरं आहे. पण कारखान्यात हाच प्रश्न रोज सोडवला जातो. प्रत्येक खेप ठेवलेल्या प्रमाण नमुन्याशी ताडून पाहतात आणि पिकातला फरक सांधून वास नमुन्यापाशी आणतात. इथेच रेषा आहे. नमुन्याशी जुळवण्यासाठी केलेली दुरुस्ती म्हणजे तीच आवृत्ती. ज्या दिवशी नमुनाच बदलला, त्या दिवशी नवी आवृत्ती. तो दिवस बाहेरच्यांना माहीत नसतो. कंपनीत तो नक्की माहीत असतो, कारण कुणीतरी त्यावर सही केलेली असते.

परफ्यूम बदलण्याचं तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही: पैसा. महाग तेलाची जागा स्वस्त द्रव्याने घ्यावी, मालक बदलला की खर्चाला कात्री लावावी, आणि या सगळ्याला 'नियमांमुळे' असं नाव द्यावं. किती परफ्यूम नियमांमुळे बदलले आणि किती हिशेबामुळे, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि मौनाचा खरा फायदा हाच आहे. प्रामाणिकपणे बदलणारे आणि पातळ करून विकणारे एकाच पडद्यामागे उभे राहतात. त्यामुळे पहिल्यांचंही नुकसान होतं. गेर्लँसाठी अनेक वर्षं परफ्यूम बांधणारे तिएरी वासेर १९१९ च्या 'मित्सुको'ला ओकमॉसच्या निर्बंधांतून कसं सावरायचं, याबद्दल उघडपणे बोलत आले आहेत. अ‍ॅट्रॅनॉल काढलेलं मॉस वापरल्यावर काय हरवतं आणि ती पोकळी कशी भरायची, हा त्यांचा शोध ऐकताना नव्या बाटलीबद्दल राग येत नाही, उत्सुकता वाटते. इव्ह सां लोरां या फॅशन कंपनीचा २००२ चा परफ्यूम 'एम-७' अनेक वर्षांनी, २०११ मध्ये परत आला तो 'एम-७ ऊद अब्सोलू' या नावाने. आवडो न आवडो, हातात काय आहे हे घेणाऱ्याला कळत होतं.

गंमत अशी की 'ओरिएंटल' हा शब्दच आता मागे पडतोय. सुगंधांच्या वर्गीकरणात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो त्या मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये त्या घराण्याचं नाव बदलून 'अँबर' केलं. एका विशाल भूभागाला एकाच धुंद, मादक कल्पनेत कोंडणारा तो शब्द जायलाच हवा होता. मी इथे वापरतेय तो केवळ माझ्या बाटलीच्या जुन्या पत्रकावर तोच आहे म्हणून. पण पाहा, घराण्याचं नाव बदललं तेव्हा ते जाहीरपणे बदललं. वाद झाले, कारणं दिली गेली. बाटलीतलं द्रव्य बदलतं तेव्हा मात्र कुणी काही बोलत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे आणि ती आम्ही नीट पार पाडत नाही. 'जुनं ते सोनं, नवं पाण्यासारखं' असं लिहून टाळ्या मिळवणं सोपं आहे. पण आठ वर्षांच्या बाटलीतले लिंबूवर्गीय वास हवेने आणि उजेडाने मंदावलेले असतात, त्यामुळे तळ मूळच्यापेक्षा दाट वाटतो. मी ज्या जुन्याचं गुणगान करतेय, तो पहिल्या दिवशी असा नव्हता. न्याय्य तुलना करायची तर जुना नमुना जपलेला हवा. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या ऑस्मोथेक या सुगंधसंग्रहात, १९९० पासून, तसा जपतात: उजेडापासून दूर, १२ अंश सेल्सिअसला, बाटलीतल्या हवेच्या जागी अरगॉन वायू भरून. घरच्या कपाटात हे होत नाही. शिवाय काही लोकांना विशिष्ट कस्तुरीगंधी किंवा अँबरी द्रव्यांचा वासच येत नाही, आणि काहींना तीच इतरांच्या दुप्पट टोचतात. म्हणून परीक्षणात बाटलीचा खेप क्रमांक, ती कुठे ठेवली होती, त्वचेवर लावली की कागदावर, कंपनीने फुकट पाठवली की विकत घेतली, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या दोन्ही विकत घेतलेल्या आहेत. जुनी खोक्यातच, अंधाऱ्या कपाटात होती. नवी मी पाच दिवस त्वचेवर लावली, एक दिवस आड करून.

आणि आता संधीही आहे. युरोपने २०२३ मध्ये स्वतंत्रपणे छापायच्या अ‍ॅलर्जीकारक द्रव्यांची यादी २६ वरून ८० च्या वर नेली. नव्या उत्पादनांसाठी मुदत ३१ जुलै २०२६, आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी ३१ जुलै २०२८. म्हणजे तिथे विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक परफ्यूमचं खोकं या काळात नव्याने छापलं जाणार आहे. त्याच वेळी तळाशी, खेप क्रमांकाच्या शेजारी, 'आवृत्ती २, २०२२' एवढं घालायला वेगळा खर्च नाही. बदलाचं कारण एका शब्दात दिलं, 'नियम' किंवा 'कच्चा माल' किंवा 'पुनर्रचना', तर उत्तमच. इफ्रा ही उद्योगाचीच आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून सदस्यांसाठी मानकं ठरवते. कोणतं द्रव्य किती वापरायचं हे ती सांगू शकते, तर बदल केल्यावर तो कळवायचा, हेही सांगू शकते. कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

लोक घाबरून जुना साठा करतील, असं म्हणतात. करतातच आहेत. खेप क्रमांक उलगडत बसतात, अफवांवर विश्वास ठेवतात, आणि 'जुनं सूत्र' म्हणून बनावट बाटल्या गळ्यात मारून घेतात. बाटलीवर आवृत्ती छापलेली असली की निदान या अफवांचा आधार जाईल.

राहिलं परीक्षण. वुडी अँबर घराण्यात नव्याने येणाऱ्याने, कोरडं, ठळक, दिवसभर टिकणारं लाकूड हवं असेल तर, हा परफ्यूम जरूर लावून पाहावा. एकच फवारा, कपड्यावर नको, आणि पहिल्या तासावर निर्णय घेऊ नये. दुधाळ चंदनासाठी आजवर हाच घेत आलेल्याने आधी नमुना मागून मनगटावर चार तास ठेवावा. आणि ज्यांच्याकडे जुन्यातलं थोडं उरलंय त्यांनी ते जपून ठेवू नये. त्यातला बर्गामॉट तसाही चाललाय. मी आणि मैत्रिणीने माझी दोन बोटं निम्मी-निम्मी करून घेतली आहेत, आणि आम्ही ती रोज लावतो.